विहिरीचा कठडा आणि घरचा तरणतलाव

गोव्यातील जुन्या घराच्या मागील दारी उभे राहिले, की पहिली नजर जाते ती विहिरीवर. आम्ही कोकणीत तिला ‘बांय’ म्हणतो. चिऱ्यांनी बांधलेली, वर रहाट असलेली ही बांय घराइतकीच, आणि कधीकधी घराहूनही जुनी असते. कारण आधी पाणी पाहावे आणि मग घराचा पाया खणावा, असा आपल्या पूर्वजांचा क्रम होता. या विहिरीभोवती कमरेइतका उंच कठडा असतो. बायका त्यावर कळशी टेकवितात, मुले त्याला रेलून खाली डोकावतात आणि पाण्यात आपला चेहरा शोधतात. परंतु तो कठडा तेथे का आहे, हा विचार सहसा कोणी करीत नाही. ज्याने तो बांधला, त्याने मात्र तो केला होता. रांगणारे मूल आणि पाणी यांच्यामध्ये काहीतरी उभे असले पाहिजे, एवढे त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या गवंड्याला पक्के ठाऊक होते.

आता काळ पालटला. घरोघर नळ आले, रहाटाचा आवाज थांबला, कित्येक विहिरींवर लोखंडी जाळी पडली. त्याबरोबरच एक नवे पाणी आपल्या अंगणात येऊन बसले आहे. बार्देशासारख्या तालुक्यांत नव्याने बांधलेल्या अनेक बंगल्यांतून व वसाहतींतून निळ्या फरशीचा तरणतलाव दिसतो. पूर्वी असा तलाव मोठ्या हॉटेलांतच पाहावयास मिळे. आज तो आपल्या विद्यार्थ्यांच्या, त्यांच्या नातलगांच्या किंवा त्यांचे आईवडील जेथे कामास जातात त्यांच्या घरी असतो. विहीर आणि हा तलाव यांत एक मोठा भेद आहे. विहिरीला कठडा असतो, तलावाला नसतो. तलावाचे पाणी जमिनीच्या पातळीशी जुळलेले असावे, दिवाणखान्यातून पाहताना डोळ्यांना काहीही आडवे येऊ नये, यातच त्याची शोभा मानली जाते. ही शोभाच त्याचा धोका होय, हे सांगण्यासाठी आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

हा विषय आम्हांला पुस्तकात सापडलेला नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या मावसभावाच्या नव्या घरी वास्तुशांतीचे जेवण होते. जेवणे आटोपल्यावर आम्ही आठ-दहा मोठी माणसे तलावाकाठी खुर्च्या टाकून बसलो होतो. मुलांचे पोहणे नुकतेच संपले होते आणि ती आत आंबे खाण्यास गेली होती. निदान आमची तशी समजूत होती. गप्पांना रंग चढला होता. इतक्यात ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसलेल्या आमच्या ऐंशी वर्षांच्या आजीने विचारले, “भुरगो ओगी कित्याक जालो?” म्हणजे, पोर एवढे गप्प का झाले? आम्ही मान वळविली. चार वर्षांचा धाकटा भाचा पाण्यात होता. तो उभा असल्यासारखा दिसत होता. तोंड आकाशाकडे, डोळे उघडे, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. पाणी उडत नव्हते, आवाज नव्हता. तो खेळत आहे असेच क्षणभर आम्हांस वाटले. मावसभावाने उडी टाकून त्याला वर काढले, तेव्हा मूल खोकले, ओकले आणि मग रडू लागले. त्या रडण्याइतका गोड आवाज आम्ही आयुष्यात ऐकलेला नाही.

मूल वाचले. परंतु त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आम्ही तर त्या तलावाकडे तोंड करूनच बसलो होतो! मुलांना शिकविणे आणि मुलांवर लक्ष ठेवणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आमच्या डोळ्यांदेखत, चार पावलांवर, एक मूल बुडत होते आणि ते आम्हांस कळले नाही. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते आमच्या विद्यार्थीमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहोत.

बुडणारा माणूस हात हलवितो, ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडतो, असे चित्र नाटक-सिनेमांनी आपल्या मनात ठसविले आहे. ते बहुधा खरे नसते. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीच या किनाऱ्यावर फ्रान्सेस्को पिया नावाचे एक जीवरक्षक होते. बुडणारी माणसे प्रत्यक्षात कशी वागतात, याचे त्यांनी १९७० च्या सुमारास चित्रफितींच्या साहाय्याने बारकाईने निरीक्षण केले. त्यांना आढळले ते असे. मनुष्याच्या देहात श्वास हे पहिले काम आणि बोलणे हे दुसरे. श्वासच पुरत नसेल, तर आवाज कोठून निघणार? बुडणाऱ्याचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागावर क्षणभर येते व पुन्हा खाली जाते. तेवढ्या अवधीत तो कसाबसा श्वास घेतो, हाक मारण्यास सवड उरत नाही. त्याचे हात आपोआप दोहों बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबू लागतात. ते वर करून खूण करणे त्याच्या इच्छेच्या अधीन नसते. शरीर उभेच राहते, पाय मारले जात नाहीत. ही धडपड पृष्ठभागावर २० ते ६० सेकंद टिकते आणि मग तो खाली जातो. लहान मुलाच्या बाबतीत हा अवधी आणखी थोडा असू शकतो. आमच्या भाच्याचे पसरलेले हात व वर केलेले तोंड यांचा अर्थ आता आम्हांस कळतो.

याचा बोध साधा आहे. जो ओरडतो त्याला मदत हवीच असते. पण जो पाण्यात अकस्मात गप्प होतो, त्याला ती अधिक त्वरेने हवी असते. खेळणारी मुले गोंगाट करतात. गोंगाट थांबला, की उठून पाहावे. आजीने हे कोणत्या शास्त्रग्रंथात वाचले नव्हते. सात मुले वाढविलेल्या तिच्या कानाला ते ठाऊक होते.

पाण्याखाली गेल्यावर काय होते? रक्तातील प्राणवायू झपाट्याने कमी होऊ लागतो आणि मनुष्याची शुद्ध हरपते. मेंदूला प्राणवायूवाचून चार ते सहा मिनिटेच कशीबशी काढता येतात. त्यानंतर होणारी हानी बहुधा भरून निघत नाही. दारावरची घंटा वाजली म्हणून जाऊन कोण आले ते पाहावे, दोन शब्द बोलावे आणि परत यावे, यास लागणारा वेळ तेवढाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. ही मुले काही भर समुद्रात पोहण्यास गेली नव्हती. पाच वर्षांखालील मूल घरापासून फार दूर जातच नाही. त्याला गाठणारे पाणी घराजवळचेच असते.

मग उपाय काय? पहिला उपाय आपल्या पूर्वजांचाच, म्हणजे कठडा. ऑस्ट्रेलियात घरोघरी तरणतलाव असतात आणि तेथे त्यांना कुंपण घालणे कायद्याने बंधनकारक आहे. या कुंपणाचे तेथील माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. उंची निदान १.२ मीटर हवी. दोन गजांमधील फट आणि खालच्या गजाखालची मोकळी जागा १० सेंटिमीटरांहून अधिक नसावी, म्हणजे मुलाचे अंग त्यातून जाणार नाही. पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टी बाहेरून नसावी. फाटक तलावापासून बाहेरच्या दिशेने उघडावे. ते हाताने सोडून दिले, की आपोआप बंद व्हावे आणि त्याची कडीही आपोआप लागावी. कडी उघडण्याची कळ जमिनीपासून दीड मीटर उंच, मुलाच्या हाताबाहेर असावी. यात प्रत्येक गोष्टीस कारण आहे. फाटक बाहेरच्या बाजूस उघडते, म्हणून मुलाने त्यावर अंग टाकले तरी ते ढकलले जात नाही. ते आपोआप बंद होते, म्हणून विसराळू पाहुण्यावर विसंबण्याची पाळी येत नाही.

“आमच्या आवाराला तर चहूकडून गडगा आहे, फाटकाला कुलूप आहे,” असे कोणी म्हणेल. त्याने चोर बाहेर राहील. पण मूल तर आतच असते! घराचे दार ज्या अंगणात उघडते, त्याच अंगणात तलाव असेल, तर घर ही कुंपणाची चौथी बाजू ठरते आणि तीच मुळी उघडी राहते. म्हणून कुंपण तलावाच्या चारही बाजूंनी, घर आणि पाणी यांच्या मधोमध हवे. तीन बाजूंना आवाराचे कुंपण व चौथ्या बाजूला घर, अशा रचनेशी तुलना करता चारही बाजूंच्या स्वतंत्र कुंपणामुळे मूल बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो, अशी माहिती अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने दिली आहे. कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, पिंप ठेवू नये, कारण मुले त्यांची शिडी करतात. तसेच पोहणे संपल्यावर चेंडू, रंगीत खेळणी पाण्यात तरंगत ठेवू नयेत. आमचा भाचा पाण्यात उतरला तो पोहण्यासाठी नव्हे. काठाजवळ तरंगणाऱ्या एका लाल बदकासाठी तो वाकला होता. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. वाकले, की तोल डोक्याच्या बाजूस जातो आणि मूल पालथे पडते.

दुसरा उपाय म्हणजे पहारा. तेथे आम्ही आठ-दहा जण होतो, म्हणूनच कोणी पाहत नव्हते. कारण दुसरा पाहत आहे असे प्रत्येकास वाटत होते. पुष्कळांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे, हा नियम पाण्याकाठी प्राणघातक ठरतो. म्हणून मुले पाण्यात असतील तोवर एका मोठ्या माणसाने ‘आता लक्ष माझे’ असे स्पष्ट बोलून पहारा घ्यावा आणि उठण्यापूर्वी तो दुसऱ्यास तसाच स्पष्ट शब्दांत सोपवून द्यावा. पहाऱ्याच्या वेळी भ्रमणध्वनी, वर्तमानपत्र, पत्ते आणि मद्य ही चारही वर्ज्य. ज्याला पोहता येत नाही असे लहान मूल पाण्यात असेल, तर पाहणाऱ्याने हाताच्या अंतरावरच असावे. मोठ्या भावंडांवर हे काम टाकू नये. दहा वर्षांच्या ताईने खेळावे. तिला जीवरक्षक करणे हा तिच्यावरही अन्याय आहे.

पहाऱ्याचे महत्त्व किती, हे बांगलादेशच्या उदाहरणावरून पटेल. त्या देशात खेडोपाडी घराला लागून तळे असते; आपल्याकडील विहिरीसारखेच ते संसाराचा भाग असते. सकाळी आई चूल व शेत यांत गुंतलेली असते आणि त्याच वेळी रांगती-चालती मुले तळ्याकडे वळतात, असे तेथील कार्यकर्त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी गावोगावी ‘आंचल’ नावाचे बालसंगोपन वर्ग उघडले. आंचल म्हणजे आपला पदर. सकाळी ९ पासून दुपारी १ पर्यंत लहान मुलांना गावातीलच एखादी शिकविलेली स्त्री सांभाळते. सहा वर्षांपुढील मुलांना त्याच तळ्यात बांबूचा मंच बांधून जीव वाचविण्यापुरते पोहणे शिकविले जाते. यंत्र नाही, मोठा खर्च नाही. धोक्याच्या घटकेला मुलापाशी कोणी असावे, एवढीच व्यवस्था. तिने पुष्कळ मुलांचे प्राण राखले असून आज जागतिक आरोग्य संघटना अशा व्यवस्थेची शिफारस इतर देशांना करीत आहे.

तिसरा उपाय म्हणजे पोहणे शिकणे. हा अर्थात विद्यार्थ्यांच्या आवडीचा. परंतु पोहण्याच्या आधी तरंगणे शिकावे, असे आम्ही सांगू. आर्किमिडीजचा सिद्धांत तुम्ही विज्ञानाच्या तासाला पाठ केला आहे: बुडालेला पदार्थ जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर त्याला वर उचलतो. फुप्फुसे हवेने भरलेली असताना मनुष्याचे शरीर बहुधा पाण्याहून किंचित हलके असते. म्हणजे जवळजवळ सगळे बुडालेले राहून थोडाच भाग वर राहू शकतो. तो भाग चेहरा असावा, एवढीच युक्ती. उताणे व्हावे, मान मागे टाकावी, कान पाण्यात बुडू द्यावेत, हात पाण्याखाली पसरावेत आणि श्वास सावकाश घ्यावा. घाबरून हात वर केले, तर तेवढे वजन पाण्याबाहेर जाते आणि डोके खाली जाते. हवा भरलेल्या रबरी बाह्या व टायर ही खेळणी आहेत, ती प्राणरक्षक साधने नव्हेत. हवा निघून जाते, मूल त्यांतून निसटते आणि आईबापांना मात्र खोटा धीर येतो.

ज्यांना उत्तम पोहता येते, त्यांच्यासाठीही दोन शब्द. सांजांवच्या दिवशी, २४ जूनला, डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरीत उड्या टाकणारे आपले तरुण पाण्याला भीत नाहीत, हे आम्ही कौतुकाने पाहिले आहे. परंतु घरचा तलाव विहिरीसारखा खोल नसतो. उथळ पाण्यात डोके खाली करून सूर मारला, तर ते तळाच्या फरशीवर आदळते, मानेचा मणका मोडतो आणि हातपाय जन्मभर लुळे पडू शकतात. अनोळखी पाण्यात पहिल्याने पाय टाकावेत, डोके नव्हे. दुसरे, पाण्याखाली अधिक वेळ राहण्याच्या पैजा लावू नयेत. काही मुले बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्यामुळे रक्तात प्राणवायू फारसा वाढत नाही. कर्बद्विप्राणिद वायू मात्र कमी होतो. श्वास घेण्याची तीव्र इच्छा या दुसऱ्या वायूच्या वाढीमुळे होते. तो आधीच कमी केल्यावर देहाची ही धोक्याची सूचना वेळेवर येत नाही, प्राणवायू संपतो आणि पट्टीचा पोहणाराही कसलीही जाणीव न होता पाण्याखालीच बेशुद्ध पडतो.

तरणतलाव हे नुसते पाणी नव्हे, ते एक यंत्रही आहे; त्याची ओळख घरच्या मोठ्या माणसांनी करून घेतली पाहिजे. पंप तळाच्या जाळीतून पाणी ओढून गाळणीकडे नेतो. ती जाळी फुटली किंवा निघाली आणि एखाद्या मुलाने त्या भोकावर अंग टेकले, तर ओढ इतकी जबर असते, की मोठ्या माणसालाही मूल सोडविणे कठीण जाते. लांब केसही तिच्यात अडकतात. २००२ साली अमेरिकेत सात वर्षांची एक मुलगी गरम पाण्याच्या कुंडात अशा रीतीने मरण पावली. तिच्या आईने याविरुद्ध चळवळ केली आणि २००७ साली तिच्याच नावाचा कायदा तेथे झाला. जाळी सुरक्षित बनावटीची व शाबूत असावी, पंप बंद करण्याचे बटण तलावाजवळ असून सर्वांस ठाऊक असावे आणि केस बांधल्यावाचून पाण्यात उतरू नये. तलावातील दिवे कमी दाबाच्या विजेवर चालणारे असावेत आणि ३० मिलिॲम्पिअर विजेच्या गळतीलाही प्रवाह तोडणारे बटण वायरमनकडून बसवून घ्यावे. वळवाचा गडगडाट कानी पडला, की पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासाने पुन्हा उतरावे.

पाणी शुद्ध राखण्यासाठी क्लोरीन वापरतात. ते औषध खरे, पण हाताळण्यात चूक झाली तर विष. क्लोरीनची पूड आणि आम्ल एकत्र आले, की विषारी वायू निघतो. दोन निरनिराळ्या प्रकारच्या क्लोरीनचीही मिसळ करू नये. नेहमी पाण्यात औषध घालावे, औषधावर पाणी ओतू नये. आणि ही पिंपे कुलपात ठेवावीत. पाणी गढूळ दिसत असेल, तर कोणालाही उतरू देऊ नये. यात रोगजंतूंची भीती आहेच, परंतु त्याहून मोठे कारण असे, की ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, त्याच्या तळाशी गेलेले मूलही दिसत नाही.

इतके करूनही प्रसंग ओढवलाच तर? घरात मूल दिसेनासे झाले, तर प्रथम पाणी पाहावे. माळा, शेजार, रस्ता यांचा शोध नंतर. कोणी बुडताना दिसला आणि आपण पट्टीचे पोहणारे नसू, तर उडी टाकू नये. बुडणारा मनुष्य मिळेल त्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. काठावर पालथे पडून काठी, बांबू, लुगडे, जे हाती लागेल ते त्याच्याकडे करावे. दोर किंवा बूच लावलेली रिकामी घागर फेकावी. मोठ्याने ओरडून माणसे जमवावीत. एकाने १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

बाहेर काढलेला मनुष्य हाकेला ओ देत नसेल व नीट श्वास घेत नसेल, तर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे सारे जुने प्रकार टाळावेत. त्यांत मोलाची मिनिटे जातात, आणि पोटातील पाणी फुप्फुसांत शिरण्याची भीती असते. बुडालेल्याला कमी पडलेला असतो तो श्वास. म्हणून आरंभ श्वासानेच करावा. त्याला पाठीवर निजवावे, हनुवटी उचलून मान किंचित मागे करावी, नाक चिमटीत धरावे आणि त्याच्या तोंडावर आपले तोंड घट्ट ठेवून छाती उचललेली दिसेपर्यंत हवा फुंकावी. आरंभी असे दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध तळहाताने जोराने व भराभर ३० वेळा दाबावे, पुन्हा दोन श्वास द्यावेत, आणि मदत येईपर्यंत हा क्रम सोडू नये. हे वाचून येत नाही. कोणी शिकविणारा गाठून बाहुल्यावर सराव करावा. मूल शुद्धीवर येऊन हसू लागले, तरी त्याला रुग्णालयात दाखवावे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

“आमच्या घरी कोठला आला तरणतलाव?” असे आमचे पुष्कळ विद्यार्थी म्हणतील. त्यांनी घराभोवती एक फेरी मारून पाहावे. न्हाणीघरातील भरलेली बादली, परसातील उघडी टाकी, देवळापुढची तळी, आणि चिरे काढून सोडून दिलेली, पावसाने काठोकाठ भरलेली चिरेखाण, ही सारी आपापल्या परीने तरणतलावच आहेत. तान्ह्या मुलाला वीतभर पाणीही पुरते. चिरेखाणीला तर पायऱ्या नाहीत, उथळ काठ नाही. आत पाऊल टाकले की एकदम खोल. वर उल्लेखिलेले नियम तेथेही तेच: मध्ये काहीतरी उभे असावे, कोणीतरी पाहत असावे, पोहता यावे, आणि वाचविता यावे. यांतील एक चुकला तर दुसऱ्याने सावरावे, म्हणून चारही हवेत. आमच्या भाच्याच्या वेळी पहिले दोन नव्हते, तिसरा त्याला अजून येत नव्हता. आजीच्या कानामुळे आणि एका उडीमुळे निभावले. प्रत्येक घराच्या ओसरीवर तशी आजी असेलच असे नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ साली एक ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या अपघातांच्या प्रतिबंधासाठी नेमून दिला. आपल्याकडे तो ऐन पावसाळ्यात येतो. विहिरी, तळी आणि खाणी त्या वेळी तुडुंब असतात. त्या दिवशी आपल्या विद्यार्थ्यांनी एक काम करावे, अशी आमची इच्छा आहे. शिंप्याची फीत घ्यावी, घरातील एका मोठ्या माणसाला बरोबर घ्यावे आणि घराभोवतालच्या प्रत्येक पाण्याचा कठडा मोजून वहीत लिहावा. जेथे कठडाच नसेल, तेथे तसे लिहावे आणि ते पान वडिलांना दाखवावे. मुलाच्या अक्षरातील ते पान आमच्या या लेखाहून अधिक काम करील.

गणेशचतुर्थीला आम्ही मावसभावाच्या घरी पुन्हा गेलो होतो. तलावाभोवती आता कुंपण उभे आहे. फाटक हाताने सोडले, की मागे फिरून स्वतःच कडी लावून घेते. मावसभाऊ जरा खट्टू होऊन म्हणाला, “शोभा थोडी गेली खरी.” आजी ओसरीवरच बसली होती. तिने पानाला चुना लावता लावता परसातील जुन्या विहिरीकडे बोट दाखविले आणि म्हटले, “त्या कठड्याला शंभर वर्षे झाली. तो कुरूप आहे असे मी अजून कोणाच्या तोंडून ऐकले नाही.” कुंपणाच्या बाहेर भाचा आपले लाल बदक घेऊन खेळत होता, आणि भरपूर गोंगाट करीत होता.